विहिरीच्या पाण्याला वास येतोय? आधी वास ओळखा

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की विहिरींबद्दलची पत्रे वाढतात. बहुतेकांनी लिहिण्याआधीच ब्लीचिंग पावडर ओतलेली असते. वास चार दिवस दबतो आणि पुन्हा डोके वर काढतो. पावडर जंतू मारते. पण वासाचे मूळ तळाच्या गाळात, कुजलेल्या पाचोळ्यात किंवा शेजारच्या शोषखड्ड्यात असेल, तर तिथे तिचे काही चालत नाही.

प्रश्न : आमच्या गणपतीचे विसर्जन पूर्वापार घरच्या विहिरीत होते. मूर्ती चिकणमातीची असते. यंदा पंधरवड्यातच पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. विहीर उपसून घेऊ का? (वाचक, फोंडा)

माती निर्दोष आहे. ती विरघळून तळाशी बसते. कुजतात ते हार, दूर्वा, पत्री आणि भक्तिभावाने सोबत सोडलेली माटोळीची (गणपतीच्या वर बांधलेल्या चौकटीची) फळे. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर काम सुरू करतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. खात्री करायची तर पेलाभर पाणी अर्धा तास बाहेर पडवीत उघडे ठेवा. वास उडून गेला तर बहुधा हाच वायू; तसाच राहिला तर कारण दुसरीकडे शोधा.

उपसा मात्र आता नको. पावसाळ्यानंतर झरे भरलेले असतात. जेवढे पाणी काढाल तेवढे पुन्हा भरेल. शिवाय भोवतालची माती भिजून जड झालेली असताना विहीर रिकामी केली, तर जुने बांधकाम आत ढासळू शकते. सध्या लांब दांड्याच्या जाळीने निर्माल्य काढा. पंपाने रोज थोडे पाणी काढून झाडांना घाला. घरात वापरायचे पाणी टाकीत उंचावरून, धारेने पडू द्या, म्हणजे वायू उडून जातो. गाळ काढायचा तो एप्रिल-मे महिन्यांत.

तेव्हाही माणूस सहज खाली उतरवू नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते. उतरलेल्याला वाटते, वास गेला, आणि तेवढ्यात तो कोसळतो. कंदील खाली सोडून बघण्याची जुनी रीत फार तर प्राणवायू कमी असल्याचे सांगेल, विषारी वायूचे नाही. डिझेल पंप विहिरीत उतरवणे तर जिवाशी खेळ. कोणी आत बेशुद्ध पडलाच तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, अग्निशमन दलाला बोलवा. अशा घटनांत वाचवायला उतरलेलेच पुष्कळदा दगावतात.

पुढच्या वर्षी निर्माल्य माडाच्या आळ्यात घाला. देवाला काही कमीपणा येत नाही.

प्रश्न : पावडर नेमकी किती टाकायची? आमचा गडी अंदाजाने टाकतो, मग पाणी तोंडात घेववत नाही. विहिरीत गप्पी मासेही आहेत. (वाचक, काणकोण)

दर १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर, हे नेहमीचे प्रमाण. पाण्याची खोली दोरीला दगड बांधून मोजा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला खोलीने आणि मग ७८५ ने गुणा, लिटर मिळतील. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. लोक किलोची अख्खी पिशवी रिकामी करतात!

पावडर कोरडी फेकू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवून ढवळा आणि दहा मिनिटे थांबा. चुना खाली बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली पाण्याखाली सोडून दोरीने वर-खाली हिसडे द्या. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. किमान एक तास पाणी वापरू नये. रात्री टाकलेले उत्तम. फोडून ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून गेल्या वर्षीची पिशवी कामाची नाही.

मासे आधी जाळीने काढा, क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर परत सोडा. पोटॅश (पोटॅशियम परमँगनेट) टाकून पाणी गुलाबी करणाऱ्यांनी त्या रंगावर भरवसा ठेवू नये.

प्रश्न : वरच्या अंगाला नवी घरे झाल्यापासून जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याला संडासासारखा वास येतो. उन्हाळ्यात काहीच नसते. त्यांच्या शोषखड्ड्यांचे पाणी तर येत नसेल? (वाचक, बार्देश)

तुमचा संशय बरोबर असावा. पावसाळ्यात भूजल वर येऊन शोषखड्ड्याला भिडते आणि जांभ्याच्या भेगांतून मैला उतारावरच्या विहिरीकडे येतो. विहीर व शोषखड्डा यांत निदान १५ मीटर अंतर असावे असे सांगतात, पण भेगाळ जांभ्यात तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

पिण्याचे व भांडी धुण्याचे पाणी आजपासून खळखळून उकळा. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणा, ती आतून विसळू नका, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. ई. कोलाय (मैल्यातून येणारे जिवाणू) आणि नायट्रेट, दोन्ही तपासून घ्या. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच सापडता कामा नये. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते उकळून जात नाही. अहवाल हाती आला की तो जोडून पंचायत आणि आरोग्य केंद्र, दोन्हीकडे लेखी तक्रार द्या. तोंडी भांडणातून शोषखड्डा हलत नाही.

प्रश्न : पाण्यावर तेलकट तवंग दिसतो, लोखंडी वास येतो, चहा काळपट होतो. डिझेल तर झिरपत नसेल? (वाचक, डिचोली)

तवंगाला काडीने टोचा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर ते लोहजिवाणूंचे काम. लगेच पुन्हा एक झाला तर तेल समजा. काळपट चहा लोहाकडेच बोट दाखवतो, चहातल्या टॅनिनशी लोह मिळून तो रंग येतो. पाणी उघड्या पिंपात रात्रभर ठेवा, तांबूस साका बसू द्या आणि वरचे पाणी वाळूतून गाळा. पांढरे कपडे या पाण्यात ब्लीचिंग घालून धुऊ नका, डाग पक्के होतात. खरेच पेट्रोल-डिझेलचा वास असेल तर पंपाचे बटणही दाबू नका, विडी-काडी दूर ठेवा आणि अग्निशमन दलाला कळवा.

प्रश्न : थंड पाणी चांगले, फक्त गीझरच्या पाण्याला अंड्याचा वास. (वाचक, मडगाव)

विहिरीला दोष देऊ नका. टाकी गंजू नये म्हणून गीझरमध्ये मॅग्नेशियमचा दांडा असतो. कोमट पाण्यातले जिवाणू त्याच्या संगतीने हा वायू करतात. गीझर काही तास ६० अंशांच्या वर तापवा, ते पाणी सांभाळून सोडून द्या. वास पुन्हा आला तर मेकॅनिककडून ॲल्युमिनियम-जस्ताचा दांडा बसवून घ्या. दांडा नुसता काढून टाकायला सांगेल, तर ऐकू नका, टाकी गंजेल.