सामाजिक भीतीसाठी सहा वर्षे रोज क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम घेत आहे. ते बंद कसे करावे?

एकदम बंद करू नका. इतक्या वर्षांनंतर गोळी अचानक थांबवल्यास निद्रानाश, थरथर आणि क्वचित आकडी येण्याचाही धोका असतो. मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के एवढीच कपात केली जाते, त्यामुळे कित्येक महिने, प्रसंगी वर्षभरही लागू शकते.

अडचण येते ती व्यवहारात: ०.५च्या गोळीचे ब्लेडने चार तुकडे केले, तरी एक तुकडा वगळणे म्हणजे थेट २५ टक्क्यांची उडी, आणि तुकडेही कधी सारखे पडत नाहीत. म्हणून डॉक्टर कमी ताकदीच्या गोळ्या देतात किंवा शरीरात अधिक काळ टिकणाऱ्या, त्याच गटातील डायझेपाम या औषधावर टप्प्याटप्प्याने नेतात. हा हिशेब घरी करू नये.

सामाजिक भीती असणाऱ्याची गफलत वेगळ्याच ठिकाणी होते. कपातीनंतर चौथ्या दिवशी कार्यालयातील बैठकीत आवाज कापला, की आजार परतला असे वाटते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा मात्रा घटल्याची प्रतिक्रिया असते व हळूहळू ओसरते. तोवर पुढची कपात लांबवता येते, त्यासाठी डॉक्टरांशी बोलावे. बोधात्मक वर्तन उपचार (भीती वाढवणारे विचार व सवयी बदलायला शिकवणारी, संवादातून होणारी उपचारपद्धती, सीबीटी) कपातीआधीच सुरू झालेले बरे. लग्नाला जाताना ‘असू द्या’ म्हणून खिशात ठेवलेल्या गोळीबद्दलही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि या काळात दारू पूर्णपणे टाळा.