कोपीत निखारे ठेवू का?

प्रश्न : मावशी, ऊसतोडीत आमच्या कोयत्याचा, म्हणजे आम्हा नवरा-बायकोच्या जोडीचा, हा दुसरा हंगाम. गेल्या साली निफाडकडं होतो, पौषात थंडीनं रात्र-रात्र डोळा लागला नाही. आता पदरात आठ महिन्यांचं लेकरू आहे. सासूबाई म्हणतात, घमेल्यात निखारे भरून कोपीत, आपल्या झोपडीत, ठेव अन् दार लावून घे. ठेवू का?
– एक सून, पाटोदा तालुका

उत्तर : नको गं बाई. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या काळची कोपी नुसत्या पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची, वारा आरपार जायचा, म्हणून निभावलं. आता वरून ताडपत्री येते, ती हवा कोंडून धरते. निखाऱ्याला धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग.

मी अठरा हंगाम ऊस तोडला. एका रात्री आम्हीही घमेलं आत घेतलं होतं. पहाटे मुकादमाची हाक आली तेव्हा डोकं फुटायला आलेलं, पाय लटपटत होते अन् थोरली काही केल्या उठेना. तशीच उचलून बाहेर गारठ्यात नेली. भडाभडा ओकली, मग कुठं डोळे उघडले. त्या दिवशी आमचा खाडा पडला. पडू दे म्हटलं.

थंडी वरून येते असं वाटतं, पण झोपलेल्या माणसाला ती जास्त खालून खाते. आपला मुक्काम काळ्या रानात, शेजारी पाणी पाजलेला ऊस, मग जमिनीला ओल असणारच. आधी मुरूम टाकून चार बोटं ओटा कर. त्यावर खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन अंथर, वर वीतभर सुकं पाचट, मग वाकळ. दोन वाकळा असतील तर एक अंगाखालीच घाल. पाचट दबलं की ऊब गेली, म्हणून आठ दिवसांनी बदलायचं. नाहीतर त्यात उंदीर होतात, अन् उंदरामागं काय येतं ते तुला सांगायला नको.

निखाऱ्याची हौस विटेवर भागव. स्वयंपाक झाला की चुलीच्या कडेला दोन विटा ठेव, हाताला सोसतील इतक्या निवल्या की पोत्यात गुंडाळून पायाशी घे. लेकराला वीट नको. त्याला कानटोपी घाल अन् कुशीत घे, फक्त तोंडावर वाकळ येऊ देऊ नको.

कोपीचं तोंड उत्तरेला नको. मुकादम एका ओळीत कोप्या घालायला लावतो, तेव्हाच भांड. नंतर कोण हलवतंय? आढ्याजवळ वीतभर फट राहू दे, नाहीतर श्वासाचं पाणी होऊन पहाटे अंगावर ठिबकतं. फडातल्या दवानं भिजलेलं लुगडं अंगावर वाळवायची आपली खोड वाईट. झोपायचा एक जोड कोरडा, वेगळा ठेव.

लेकराची छाती श्वासासरशी आत ओढली जात असेल, धाप लागली असेल किंवा ते पीत नसेल, तर रात्रच असली तरी दवाखाना गाठ. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहिली म्हणून थांबू नको.

अन् चूल कोपीपासून दहा पावलं लांब मांड. पाचटाला विडीचं थोटूक पुरतं, एवढं नवऱ्याला वाचून दाखव.