टिन्टर्नची चित्रे पाहताना

अठराव्या शतकातील ब्रिटिश स्थलचित्रांचा अभ्यास तुम्ही नव्याने सुरू करत आहात, तेव्हा पहिले काही महिने एकाच वास्तूला द्यावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. माझ्या मते त्यासाठी वेल्समधील वाय नदीकाठच्या टिन्टर्न मठासारखी दुसरी वास्तू नाही. ११३१ मध्ये स्थापन झालेला हा मठ इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या काळात, १५३६ मध्ये बंद झाला, छपराचे शिसे उतरवले गेले, आणि १७९२ मध्ये सतरा वर्षांचा इंग्लिश चित्रकार टर्नर तिथे पोहोचला तेव्हा उघड्या कमानींवर आयव्हीच्या वेली चढलेल्या होत्या.

चित्र हाती आले की कमानींवरून नजर काढून आधी तळाकडे न्या. तिथली गुरे आणि माणसे पुष्कळदा भिंतींची उंची कळावी म्हणून, कधी कार्यशाळेत बसून, घातलेली असतात; म्हणून त्यांना ग्रामजीवनाचा थेट पुरावा मानण्यापूर्वी त्याच चित्रकाराच्या इतर चित्रांत तीच आकृती पुन्हा येते का, हे जरूर तपासावे.

छापील चित्र असेल तर खालची बारीक अक्षरे भिंगाने वाचा: बहुधा डावीकडे रेखाटणाऱ्याचे आणि उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव असते, तर प्रकाशनाची तारीख १७३५ मध्ये लागू झालेल्या कोरीव चित्रांच्या प्रतींवरील हक्कविषयक कायद्यामुळे छापली जाऊ लागली. कागद तिरप्या उजेडात धरला की ज्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्र छापले, त्याच्या कडेची दबलेली रेघही दिसते. मात्र कडा छाटलेल्या असतील तर ती सापडणार नाही.