व्हिक्टोरियन काळातल्या प्रेमकथेच्या मालिकेत एवढं काय असतं की लोक ती पुन्हा पुन्हा बघतात?

तुमचा प्रश्न असा की बायको बीबीसीची 'नॉर्थ अँड साउथ' तिसऱ्यांदा बघतेय, शेवटी काय होणार ते पहिल्याच भागात कळतं, मग त्यात एवढं बघायचं तरी काय? मी तुमच्या बायकोच्या पार्टीतली, हे आधीच सांगून टाकते.

शेवट कळतो हे कबूल. २००४ सालची चारच भागांची मालिका. पहिल्या भागात मार्गारेट हेल आणि गिरणीमालक जॉन थॉर्नटन एकमेकांना ज्या तऱ्हेने टोचून बोलतात, त्यावरून शेंबडं पोरही सांगेल की यांचं जमणार. तेव्हा जमतं की नाही यात फारशी गंमत नाहीच. ही दोघं भांडतात कशावरून ते बघा. मजुरी, संप आणि माणसाच्या जिवाची किंमत, यावरून भांडतात. सासूने चहात मीठ टाकलं आणि आळ सुनेवर आला, असलं काही नाही. दोघांचीही बाजू निम्मी बरोबर आणि निम्मी चूक, आणि आपली चूक उमगल्याशिवाय दोघांनाही एक पाऊल पुढे टाकता येत नाही. माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे, पण ते पडद्यावर कसं दिसतं ते सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही.

मार्गारेट ही इंग्लंडच्या दक्षिणेतल्या हेल्स्टन खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी. वडिलांना चर्चच्या शिकवणीबद्दल शंका येतात, ते नोकरी सोडतात आणि कुटुंब उत्तरेला मिल्टन या कापडगिरण्यांच्या शहरात येऊन पडतं. मिल्टन काल्पनिक आहे, पण मूळ कादंबरी लिहिणाऱ्या एलिझाबेथ गॅस्केल मँचेस्टरला राहायच्या आणि त्यांनी डोळ्यांसमोर तेच शहर ठेवलं होतं. कादंबरी १८५४-५५ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. त्याच्या थोडं आधी उत्तर इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या गिरण्यांमधला मोठा संप होऊन गेला होता. म्हणजे वाचकांच्या लेखी तो इतिहास नव्हता, ताजी बातमी होती.

आता पहिल्या भागातला तो गिरणीचा प्रसंग. मार्गारेट थॉर्नटनला शोधत आत शिरते, दार उघडतं आणि शेकडो साच्यांचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांचा, खडखडाट एकदम कानावर आदळतो. सगळ्या हवेत पांढरे तंतू तरंगतायत, हळूहळू खाली येतायत, आणि वर काळ्या कोटातला थॉर्नटन सगळ्यांवर नजर ठेवून उभा. दिसायला इतकं सुंदर की श्वास रोखला जातो. पुढच्याच क्षणी त्याला एक कामगार विडी ओढताना दिसतो. थॉर्नटन त्याला धावत जाऊन गाठतो आणि बेदम मारतो. कापसाच्या गिरणीत एक ठिणगी म्हणजे किती मढी, हे त्याला माहीत आहे. मार्गारेटला दिसतो तो एका गरिबाला तुडवणारा मालक. ही मारहाण कादंबरीत नाही, मालिकावाल्यांनी घातलेली आहे. मला ती जरा भडक वाटते, पण भांडणाचं मूळ पाच मिनिटांत रुजतं हे खरं.

ते साचे खरे आहेत बरं का. चित्रीकरण बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये झालं. ही वाफेवर चालणारी जुनी विणाई गिरणी आता संग्रहालय म्हणून जपलीय. गिरणी बांधली १८९४ मध्ये, म्हणजे कथेच्या चाळीस वर्षांनंतर. हे असलं काही खटकायचंच असेल तर आणखीही सापडेल.

तर त्या पांढऱ्या तंतूंचं. पुढे मार्गारेटची बेसी हिगिन्स नावाच्या मुलीशी मैत्री होते. पोर साधारण तिच्याच वयाची, पिंजणखात्यात काम करून छाती भरलेली, खोकून खोकून मरणाच्या दारात. ते तंतू तिच्या फुप्फुसात बसलेत. कादंबरीत बेसी सांगते की काही मालक हवा ओढून घ्यायला मोठं चाक बसवतात, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून फार थोडे बसवतात. वर हेही सांगते की काही कामगारांनाच ते चाक नको असतं, कारण तंतू गिळायची सवय झालेल्या पोटाला ते बंद झाले की जास्त भूक लागते. हे वाचल्यावर मी पुस्तक काही वेळ बाजूला ठेवलं होतं. मालिकेतलं सगळ्यात देखणं दृश्य म्हणजे एका मुलीचा आजार, हे एकदा लक्षात आलं की दुसऱ्यांदा बघताना तो प्रसंग पहिल्यासारखा राहत नाही. तुमची बायको पुन्हा का बघते याचं निम्मं कारण बहुधा हेच.

माझं जवळचं कारण आणखी एक आहे. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागायचे, कारण कानांची पार वाट लागलेली. कावसजी दावरांनी मुंबईची पहिली कापडगिरणी काढायला घेतली ती १८५४ मध्ये, म्हणजे ही कादंबरी छापायला लागली त्याच वर्षी, आणि गिरणगावातली बरीचशी यंत्रं आली मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर परगण्यातून. त्यामुळे इंग्रजांची पीरियड मालिका म्हटली की झुंबरं, बॉलडान्स आणि हिरवळीवरचा चहा बघायला बसणाऱ्यांपेक्षा मी ही जरा वेगळ्या नजरेने बघते. इथे भोंगा आहे, धूर ओकणाऱ्या चिमण्या आहेत, जिन्याखाली खेळणारी पोरं आहेत.

आता प्रेमाकडे येते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई युनियनचं भाषण देतेय.

त्या काळात बोलायला मुभा नव्हती, म्हणून सगळा भार हातांवर आणि नजरेवर येतो. थॉर्नटन पहिल्यांदा हेल कुटुंबाकडे चहाला येतो, निघताना सगळ्यांशी हस्तांदोलन करतो आणि मार्गारेटपुढे हात करतो. उत्तरेत ती साधी रीत. दक्षिणेत वाढलेल्या मार्गारेटला ती ठाऊक नाही, ती नुसती मान झुकवते. तो हात तसाच मागे घेतो आणि मनात धरून बसतो की पोरगी गर्विष्ठ आहे. पुढे त्याच्या घरच्या मेजवानीत दोघांचे हात पहिल्यांदा मिळतात. गॅस्केलबाई तिथे एवढंच सांगतात की हे पहिल्यांदाच घडतंय याचं त्याला भान होतं, तिला नव्हतं. सबंध कथेत दोघांचं हेच चाललेलं असतं, एकजण मोजतोय आणि दुसरीला पत्ताच नाही. थॉर्नटन झालेल्या रिचर्ड आर्मिटेजने हे नुसत्या मान खाली घालण्यातून दाखवलंय. मार्गारेट झालेली डॅनिएला डेन्बी-ॲश त्याच्यासमोर एक पायरीही खाली उतरत नाही, म्हणून जोडी जमते. (थॉर्नटनची आई झालेली शिनेड क्यूसॅक या दोघांनाही खाऊन टाकते, पण ते असो.)

तुम्ही म्हणाल गैरसमज इथेही आहे. आहे ना. रात्री स्टेशनवर मार्गारेट एका परक्या पुरुषाला मिठी मारताना थॉर्नटन बघतो. तो तिचा भाऊ असतो, आरमारातल्या बंडात अडकलेला, सापडला तर फाशी. त्यामुळे ती खुलासा करूच शकत नाही. त्या रात्री स्टेशनवर झालेल्या झटापटीनंतर एक माणूस मरतो, त्याच्या चौकशीत ती पोलिसांशीही खोटं बोलते. आणि थॉर्नटन, तिने आधीच नाकारलेला आणि आता तिच्याबद्दल नको ते समजून बसलेला, न्यायदंडाधिकारी म्हणून ती चौकशीच थांबवतो. मनात वाईट समजूत असताना केलेला उपकार आहे हा. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांमध्ये असल्या गैरसमजावर दिवाळी ते दिवाळी निघाली असती आणि दोघांपैकी कोणीही काडीइतकं बदललं नसतं.

शेवटाचं मात्र मला सगळ्यात कौतुक. थॉर्नटनची गिरणी बुडते. सट्टा खेळला असता तर वाचला असता, पण बाप सट्ट्यातच संपलेला म्हणून दुसऱ्यांचे पैसे पणाला लावत नाही. तिकडे मार्गारेटला वडिलांच्या मित्राची इस्टेट मिळते. मग ती प्रेमाचं बोलत नाही, व्यवहाराचं बोलते. कादंबरीत आकडाही आहे. बँकेत अठरा हजार सत्तावन्न पौंड पडून आहेत, अडीच टक्केच व्याज मिळतंय, तुम्ही जास्त द्याल, गिरणी चालवा. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने लग्न झालं की बाईचा पैसा बहुतेक नवऱ्याचाच व्हायचा. तो बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणजे ती त्याच्याशी सावकार म्हणून, बरोबरीने बोलू शकते ती फक्त होकार देण्याआधीच. टक्केवारीत मागणी घालणारी दुसरी नायिका मला तरी माहीत नाही.

कादंबरीत हे लंडनच्या दिवाणखान्यात होतं. मालिकेने ते एका स्टेशनवर नेलं, एक गाडी उत्तरेला चाललेली, एक दक्षिणेला. भर फलाटावर चुंबन वगैरे त्या काळी शक्यच नव्हतं, सगळ्या शहाण्या लोकांनी ते सांगून झालंय. मला विचाराल तर चालतंय.

एक तक्रार आहेच. मालकाचं मन वळलं, त्याने कामगारांसाठी खानावळ काढली, की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप ज्या घरांनी सोसला त्यांना हे गोड गिळायला जड जातं. संपाच्या प्रसंगात बाउचर नावाच्या कामगाराची जी फरपट होते, मालक एकीकडे आणि युनियन दुसरीकडे, ती जास्त खरी आहे. बेसीचा बाप निकोलस हिगिन्स याचं काम करणारा ब्रेंडन कॉइल नीट बघा, मालिकेचा समतोल त्याच्यामुळे टिकतो.

आधी पुस्तक वाचू का, असंही तुम्ही खाली विचारलंय. नको, आधी मालिका बघा. साप्ताहिकात जागा कमी म्हणून गॅस्केलबाईंना शेवट घाईत उरकावा लागला, आणि पुस्तक निघताना त्यांनी तशी तक्रार करून शेवटची प्रकरणं वाढवली. तरी घाई जाणवतेच. मालिकेत ती कमी जाणवते. आणि दुसऱ्या भागातल्या दंगलीपर्यंत तरी मोबाइल बाजूला ठेवून बायकोशेजारी बसा. त्यानंतरही कंटाळा आला तर खुशाल उठा.