आधी खेळाडूकडे बघ, प्रश्न नंतर विचार

व्हीआर गेमच्या, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायच्या गेमच्या, चाचणीत हेडसेट घातलेला माणूस तोंडाने "मस्त आहे" म्हणतो, पण शरीर कधी कधी वेगळंच सांगत असतं. म्हणून पहिल्या चाचणीत प्रश्न बाजूला ठेव आणि नुसतं बघत बस. तो मान वळवून मागे पाहतो का, की समोरच खिळून राहतो? हात दमून खाली कधी येतात? हेडसेट कपाळावर कधी सरकवतो? ती वेळ मिनिट-सेकंदासह टिपून ठेव, कारण पुढे गेममधला नेमका तोच प्रसंग तपासायचा आहे. त्याला दिसणारं दृश्य आणि तो स्वतः, दोन्ही रेकॉर्ड कर.

खेळताना मनातलं मोठ्याने बोलायला मी सांगत नाही, तल्लीनता मोडते. नंतर रेकॉर्डिंग दाखवून विचारलं की माणूस मोकळा बोलतो.

मळमळ मात्र खेळाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोज. १९९३ची सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली आजही कामाची आहे: १६ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३ गुण. कुणाला गरगरलं तर तिथेच थांब, माहिती अर्धवट राहिली तरी चालेल.

आणि फक्त सरावलेले खेळाडू बोलावू नकोस. त्यांना सोसणारी सरकती चाल (गेममध्ये सलग सरकत पुढे जाणं) नवख्याला अनेकदा सोसत नाही, त्याला टेलिपोर्ट (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी पोचणं) लागतं. चष्मेवाले, कमी उंचीचे, बसून खेळणारे, सगळे हवेत.