वर्षाचा कार्बन, घरच्या घरी

प्रश्न : चौघांच्या घरात दरडोई कार्बन उत्सर्जन कसं काढावं?

उत्तर : वीजबिलांवरची बारा महिन्यांची युनिट्स मिळवा. एकट्या मे महिन्याला बारानं गुणलंत तर कूलरमुळे आकडा फुगतो. युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच चालते. १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो, लिटरभर पेट्रोलमागे २.३. पेट्रोल भरलेल्या लिटरांवरूनच मोजा, कंपनीनं सांगितलेलं मायलेज शहरात मिळत नाही!

१,८०० युनिट्स, ८ सिलिंडर, २०० लिटर पेट्रोल : १,२६० + ३३६ + ४६० = २,०५६ किलो, म्हणजे दरडोई ५१४. विमानप्रवास मात्र ज्याचा त्याच्याच खात्यात. देशाच्या दरडोई सरासरीशी हे ताडू नका. तिच्यात कारखाने, सिमेंट, मालवाहतूकही येते.