मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलमध्ये पाणी गेलं असेल तर

भाऊ, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेतल्या मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली तर ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं आणि लेव्हलही वरच्या खुणेच्या पुढे गेलेली, असं तुम्ही लिहिलंत. मिस्त्री म्हणतो, खालून पाणी सोडून द्या आणि कमी पडेल तेवढं ऑइल वरून टाका. मिस्त्रीचं म्हणणं निम्मंच बरोबर आहे. तळाशी मोकळं बसलेलं पाणी तसं निघेल, पण जे ऑइलमध्ये मिसळून गेलंय ते निघणार नाही. त्या मिश्रणावर ट्रॅक्टर चालवलात तर आधी बेअरिंगवर गंजाचे डाग पडतात. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर प्लेटांचं अस्तरही सुटायला लागतं.

आधी ते पाणीच आहे ना, बघा. लेव्हल जास्त असली की गिअर ऑइल घुसळतात आणि हवेचे बुडबुडेही तसेच दिसतात. तासाभरात ऑइल स्वच्छ झालं तर ती हवा होती. खात्री करायची तर स्टीलच्या पळीत चार थेंब घेऊन खालून गरम करा. तडतडलं तर पाणी. तोंड लांब ठेवा.

आता काढायचं कसं. ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा राहू द्या आणि सकाळी स्टार्ट न करता खाली शिरा. पाणी जड, ते तळाशी येतं. ड्रेन प्लग पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करा आणि धार पारदर्शक बाटलीत धरा. पाणी संपून ऑइल यायला लागलं की प्लग परत कसा. किती पाणी निघालं यावरून पुढचा अंदाज येतो. दोन-चार चमचे निघालं तर ते थंडीत आतल्या वाफेचं झालेलं पाणी. लिटरभर निघालं तर कुठून तरी वाट उघडी आहे, आणि ती बंद केल्याशिवाय महागडं ऑइल भरू नका.

त्यानंतर राहिलेलं ऑइल गरम करून काढायचं. बिनलोडचा पंधरा-वीस मिनिटं फिरवा, म्हणजे तळाचा गाळही ऑइलसोबत उठतो. एप्रिल-मे असेल तर आपल्या नागपूरच्या उन्हात दुपारभर उभा केला तरी भागतं. मागे अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टचे आर्म पूर्ण खाली सोडा, नाहीतर सिलिंडरमधलं जुनं ऑइल वरच अडकतं. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. आणि ड्रेनला हात लावायच्या आधी भरायचा प्लग उघडतो का ते बघा. ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग जाम, ही फजिती नेहमीची आहे.

घमेल्यात मावेल इतकं हे ऑइल नसतं. 20 लिटरचा आडवा कापलेला कॅन घ्या. गिअरबॉक्स, डिफरेन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे मधले गिअर) आणि दोन्ही बाजूंची रिडक्शन (चाकाजवळचे वेग कमी करणारे गिअर) यांना काही मॉडेलमध्ये वेगवेगळे प्लग असतात, ते मॅन्युअलमध्ये बघून सगळे उघडा. धार थांबली की एक बाजू जॅकने थोडी उचलून खाली ठोकळा द्या, मग दुसरी. ट्रम्पेट हाऊसिंगमध्ये, म्हणजे मधल्या भागापासून चाकापर्यंतच्या नळीसारख्या खोक्यात, साचलेलं ऑइल असंच मधे येतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. चुंबकाच्या प्लगवर राखाडी काजळी असेल तर चालतं. हाताला टोचणारे तुकडे निघाले तर काम इथेच थांबवून हाऊसिंग उघडून बघावं लागेल.

डिझेल-रॉकेलने धुवायचा सल्ला बरेच जण देतील. कानाकोपऱ्यात राहिलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं, आणि बुडालेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये तर ते घालूच नये. त्यापेक्षा त्याच ग्रेडचं साधं ऑइल खुणेपर्यंत भरा, आठ-दहा तास हलक्या कामावर चालवा आणि तेही सोडून द्या. खर्च दुप्पट होतो, मान्य, पण डिफरेन्शिअलमधले क्राऊन-पिनियन गिअर बदलण्याच्या मानाने काहीच नाही. हायड्रॉलिकची जाळी धुवा. फिल्टर कागदी असेल तर बदलाच, पाण्याने कागद फुगतो.

ग्रेडमध्ये चूक करू नका. गिअर, लिफ्ट आणि ब्रेक एकाच ऑइलवर असतील तर यूटीटीओ म्हणजे वेट (ऑइलमध्ये बुडालेल्या) ब्रेकचं ऑइल लागतं. तिथे ईपी 90 हे नुसतं गिअर ऑइल टाकलं तर ब्रेक किरकिरतात, नीट धरत नाहीत, आणि लिफ्ट जड होते. ब्रेक कोरडे असतील तर कंपनीने सांगितलेलं 90 नंबरचं. ड्रेन प्लगला नवीन तांब्याचा वायसर घाला, आणि पान्याला पाइप लावून कसू नका, बिडाच्या हाऊसिंगचे आटे तुटतात. भरताना जुनं किती निघालं हे मोजून भरू नका, त्यात पाणीही होतं. स्टार्ट करून लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, खाली सोडून बंद करा, थोडं थांबा आणि मग डिपस्टिक बघा.

पाणी शिरतं कुठून, ते सांगतो. पहिला संशय ब्रीदरवर, म्हणजे हाऊसिंगमधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या छोट्या तोटीवर. बागेतल्या काळ्या मातीने तो बुजतो. काम करून तापलेल्या एक्सलवर बोर्डो फवारणीनंतर प्रेशरने गार पाणी मारलं की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असल्याने ती सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकून पाहा. ट्रॅक्टर थंड झाल्यावरच धुवा, आणि पाण्याचा मारा सीलवर व गिअर लिव्हरवर नको. दुसरा संशय गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरावर. पावसाळ्यात उघड्यावर उभा असला तर तिथून थेट गिअरबॉक्समध्ये पाणी जातं. मग डिपस्टिकचं झाकण, पीटीओ शाफ्टचं (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचं) सील, आणि चाकाच्या आतल्या रिमवर ओघळ दिसत असेल तर एक्सलचं सील.

काढलेलं ऑइल झाडाच्या आळ्याजवळ, नाल्यात किंवा विहिरीकाठी ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचवा.

ट्रॅक्टर फोर व्हील असेल तर पुढच्या एक्सलचं ऑइल वेगळं असतं. त्याचाही प्लग थोडा सैल करून बघा, चिखलात तो मागच्याच्या आधी बुडतो.